झाकण उघडू नये

मनुष्यजातीच्या इतिहासात अग्नीचा शोध हा पहिला टप्पा मानला, तर दुसरा टप्पा रोह्याजवळच्या वरसे गावात, एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, ऐन हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी गाठला गेला. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक जनूभाऊ मोकल स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आजपासून या घरात कुणीही चुलीपुढं उभं राहणार नाय. स्वयंपाक यंत्र करील. माणूस फक्त जेवील."

त्यांच्या समोर चहा उतू गेला. कुठलं बटण कुठल्या शेगडीचं, हे ज्ञान मिळवायचं नोकरीच्या धामधुमीत राहून गेलं होतं. त्यामुळे जनूभाऊंनी आधी शेजारची रिकामी शेगडी पेटवली, मग चहाखालची मोठी केली आणि शेवटी सिलिंडरचाच कान पिळला. त्यांच्या पत्नी इंदुबाईंनी खुर्चीतून उठून ओटा पुसला. म्हणजे ज्या बाईला उठू द्यायचं नाही म्हणून घोषणा झाली, ती बाई घोषणेचे शब्द विरायच्या आत उभी होती.

इंदुबाईंचा उजवा गुडघा दिवाळीपासून बोलायला लागला होता. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून सांगितलं, "आजी, पावसाळ्यापर्यंत उभं राहणं बंद केलंत तर गुडघा तुमचा. नाहीतर माझा." इंदुबाईंनी मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि घरी येऊन उभ्यानं भाकऱ्या थापल्या.

त्यांचंही खोटं नव्हतं. त्या घराचं वेळापत्रक पाहून एखादा एसटी डेपो रडला असता. मुलगा प्रविण धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, शिफ्ट दर आठवड्याला बदलती, त्यामुळे त्याचं रात्रीचं जेवण कधी रात्री तर कधी सकाळी. सून वैशाली पेणच्या एका दवाखान्यात नर्स, ती अंधारात गाडी पकडायची आणि अंधारातच परत यायची. नात किमया दहावीला. शाळा, क्लास आणि दुसरा क्लास यांच्यामध्ये ती उभ्यानं जेवायची. आणि स्वतः जनूभाऊ. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्यामुळे त्यांना भूकही वेळेवर लागायची, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. या सगळ्यांना गरम जेवण द्यायचं म्हणजे इंदुबाई सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्याशी. वैशाली म्हणायची, "आई, मी आल्यावर करते." त्यावर इंदुबाईंचं उत्तर ठरलेलं, "तिथं दिवसभर उभीच असतेस ना गो? घरात पण उभीच करू तुला?"

तेव्हा घोषणा ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. ऐतवारी माझा भाऊ येतोय पेणवरनं. माघी गणपतीचे दिवस, म्हणजे कोंबडी नाय, बिरडंच. तुमच्या यंत्रानं विठूला वालाचं बिरडं करून घाला. जमलं तर मी बसते. डॉक्टर म्हणतो तवर बसते. नाय जमलं तर सोमवारी पहाटे मी ओट्यापाशी, आणि मग गुडघ्याचा विषय कुणी काढायचा नाय."

"मान्य," जनूभाऊ म्हणाले. करार झाला. यंत्र अजून घरात यायचं होतं.

यंत्राची माहिती त्यांना शेजारच्या फरझानाभाभींकडून मिळाली होती. भाभींचे यजमान सईद मस्कतला असतात आणि भाभीही तिथे बरीच वर्षं काढून आलेल्या. "स्लो कुकर म्हणतात त्याला, जनूभाऊ. रात्री बकऱ्याचा पाया शिजत लावायचा न् झोपायचं. फजरला उठलं की तयार. झोपेत स्वयंपाक होतो!" भाभींनी येताना तो बरोबर आणलाही होता, पण त्याची तिकडची जाडजूड पिन इकडच्या एकाही सॉकेटात शिरेना. म्हणून गेली काही वर्षं त्यात कांदे असतात. कांदे छान राहतात म्हणे.

इतकं ऐकून कुणी गप्प बसलं असतं, तर ते वरसे नव्हे. सोसायटीचे सेक्रेटरी कान्हू ठाकूर तळमजल्यावर राहतात आणि बाकीच्या मजल्यांवर लक्ष ठेवतात. त्यांनी जिन्यातच अडवलं.

"जनूभाऊ, यंत्र आणताय म्हणे. दिवसभर चालणार. लाईट किती खाणार ते?"

"फार नाय. दोन-तीन बल्बांइतकी."

"दोन-तीन बल्बांवर बिरडं शिजतंय? मग आमी जिन्यात एवढे दिवे लावलेत, त्यावर आतापर्यंत लग्नाची पंगत उठायला पायजे होती."

रोह्याच्या बाजारात तर आणखीच गंमत. दुकानदारानं एकामागून एक कुकर, शेगड्या, इंडक्शन मांडलं. सगळं कसं झटपट होतं ते सांगितलं. जनूभाऊ म्हणाले, "मला हळू चालणारं पाहिजे." दुकानदारानं हातातला कुकर खाली ठेवला. "काका, हळू चालतंय म्हणून लोक वस्तू परत आणून देतात. तुम्ही विकत मागताय?"

शेवटी पेण गाठावं लागलं. तिथल्या एका दुकानात माळ्यावरून दोन नग खाली आले. एक छोटा, गोंडस, दोघांपुरता. दुसरा लांबट, चांगला ऐसपैस, आत जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. "माणसं किती?" दुकानदारानं विचारलं.

"माणसं पाच. जेवणाच्या वेळा आठ."

"मग हाच घ्या. निम्म्याहून वर भरायचा, पण गळ्यापर्यंत नाय. आणि शिजलं की आपोआप नुसतं गरम ठेवतो. ज्याला ज्या वेळी यायचं त्यानं यावं, वाढून घ्यावं."

हे ऐकून जनूभाऊंनी पाकीटच बाहेर काढलं. ज्या घरात कुणाचीच वेळ कुणाशी जुळत नाही, त्या घराची वाट पाहत बसायला अखेर कुणीतरी तयार झालं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मंद आचेवर वालांना किती वेळ लागतो तेवढं मात्र विचारलं. "आठ तास," दुकानदार म्हणाला.

खोका फाटका निघाला. दुकानदारानं ते भांडं पेंढ्यात बसवून वरून लाल कापड बांधून दिलं. माघी गणपतीच्या तोंडावर पेणमध्ये दुसरं कापड हाताशी लागत नाही. आणि मग त्या दिवसांत, पेण स्टेशनात, लाल कापडातली एक जड वस्तू छातीशी धरून जपून चढणाऱ्या वयस्कर गृहस्थाबद्दल रोह्याच्या गाडीनं जे समजायचं ते समजून घेतलं.

"ए, उठ रे! बाप्पा हायत, जागा दे."

जनूभाऊ खुलासा करणार होते. पण सत्य सांगायला माणूस उभा असावा लागतो; एकदा खिडकीची जागा मिळाली की ते फार जड जातं. ते बसले. समोरच्यानं चप्पल काढून पाय आत घेतले. कुणीतरी पंखा बंद केला, बाप्पांना वारा नको म्हणून. कासूला चढलेल्या एका म्हातारीनं लाल कापडावर जास्वंद ठेवली, हात जोडले आणि विचारलं, "किती दिवसांचा बसवता?"

जनूभाऊंनी देवाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. ते म्हणाले, "आठ तासांचा."

म्हातारीनं त्यांच्याकडे फार करुणेनं पाहिलं. "नोकरीवाली माणसं," ती शेजारणीला म्हणाली, "काय करतील बिचारी."

घरी आल्यावर रंगीत तालीम ठरली शुक्रवारी. वाल भिजवून, मोड आणून, सोलायचे, हे काम बसून होतं, त्यामुळे करारात बसत होतं. इंदुबाई आणि किमयानं मांडीवर ताटं घेऊन सगळे वाल सोलले. फरझानाभाभींनी दारातून बजावलं, "एक गोष्ट लक्षात ठेवा. झाकण उघडायचं नाय. एकदा उघडलं की आतली वाफ गेली, स्वयंपाक अर्धा तास मागं."

सकाळी वैशाली गाडीला जाताना यंत्र सुरू झालं. मग प्रविण रात्रपाळी करून आला. काय आहे ते पाहावं म्हणून त्यानं झाकण उघडलं. किमयानं मैत्रिणींना दाखवायला फोटो काढला. काचेवर वाफ होती म्हणून झाकण उघडलं. कान्हू ठाकूर सोसायटीच्या वतीनं पाहणी करायला आले. पाहणी झाकणावरून होत नसते. इंदुबाईंनी उघडलं नाही, फक्त जरा सरकवून बघितलं. आणि जनूभाऊंनी स्वतः, ही सगळी मंडळी झाकण उघडतात की काय हे बघण्यासाठी, सगळ्यांत जास्त वेळा उघडलं.

संध्याकाळी वाल जसेच्या तसे होते. ऊन पाण्यानं आंघोळ करून बसल्यासारखे, स्वच्छ आणि टणक. किमयाच्या ताटातून एक टुणकन उडून फ्रिजखाली गेला.

"गरम झालेत हां पण," प्रविण बापाची बाजू घेत म्हणाला.

इंदुबाई उठल्या. वाल प्रेशर कुकरमध्ये घातले, शिट्ट्या काढल्या, वाढलं आणि गुडघा दाबत बसल्या. रागावल्या असत्या तर जनूभाऊंना बरं वाटलं असतं. त्या रात्री त्यांनी बायकोच्या गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब स्वतः शोधून आणली आणि ती टूथपेस्ट निघाली.

रविवार उजाडला तो विठूला घेऊनच. इंदुबाईंचा हा धाकटा भाऊ पेणच्या खाडीकडच्या गावातला. पोपटी लावण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. पोपटी म्हणजे हिवाळ्यात शेतावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही, घाई नाही. विठूच्या काखेत भांबुर्ड्याचा भारा होताच. ओट्यावरचं यंत्र पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"भावजी, ही तर आपली पोपटी हाय! मडकं, झाकण, मंद आच. आणि ही तुमी दुकानातनं आणलीत?"

"ही विजेवर चालते, विठू."

"चालू दे ना. पन मडकं सुलटं कसं ठेवलंत? उपडं पायजे."

"यात रस्सा आहे रे. उपडं केलं तर रस्सा कान्हू ठाकूरच्या घरात जाईल."

"मग पाला तरी घाला."

जनूभाऊंनी पाला घातला. मेव्हण्याचा मान राखायचा तर कुठेतरी नमतं घ्यावं लागतं, आणि बिरड्याला भांबुर्ड्याचा वास लागला तर बिघडत काय होतं? आठच्या सुमाराला झाकण बसलं. जनूभाऊ खुर्ची टाकून शेजारी बसले. बारा वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग खालून किमयानं हाक मारली, सायकलची चेन उतरली होती, आणि जनूभाऊ तेवढ्यापुरते उठले.

आता पोपटी झाली की नाही हे झाकण काढून बघत नसतात, हे विठूला चांगलं माहीत होतं. त्या बाबतीत तो फरझानाभाभींच्याही पुढे होता. पोपटी बघायची रीत वेगळी. मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र झालं आणि पाणी तिथल्या तिथं सुकलं, म्हणजे झाली. विठूनं तांब्यात हात बुडवून यंत्राच्या अंगावर पाणी शिंपडलं. चर्र झालं नाही. म्हणून त्यानं तांब्याच कलता केला.

चर्र झालं नाहीच. फट् झालं. यंत्राचा दिवा गेला, घरातला पंखा थांबला, जिन्यातले दिवे गेले आणि पाण्याचा पंप बंद पडला. तिसऱ्या मजल्यावरून, अंगभर साबण असलेल्या माणसाच्या आवाजात, कुणीतरी सोसायटीची चौकशी केली.

"नाय झाली अजून," विठू म्हणाला.

जनूभाऊ वर येतात तो कान्हू ठाकूर मीटरच्या खोलीची चावी बोटाभोवती फिरवत दारात. "सुरू करतो ना लाईट. पण आधी लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"की सदर यंत्रावर यापुढं पाणी शिंपडणार नाय. आणि पाहुण्यांनाही शिंपडू देणार नाय."

उशिरा आलेल्या किती ड्रायव्हर-कंडक्टरांकडून जनूभाऊंनी असे खुलासे लिहून घेतले होते! टेबलाच्या या बाजूनं ते लिहायला किती वेळ लागतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी लिहून दिलं. "दिलगीर" मधला "दि" त्यांनी दोनदा गिरवला. कान्हूंनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि खाली जाऊन वीज सुरू केली. तिसऱ्या मजल्यावर नळ वाजला आणि तो माणूस गायला लागला.

यंत्र मात्र ओलं होतं. प्रविणनं भांडं अलगद बाहेर काढलं, खालचा भाग उघडून फडक्यानं पुसला आणि गॅलरीत उन्हात ठेवला. "बाबा, हे पूर्ण वाळू दे. मी पुन्हा तपासतो, मगच लावायचं. तोवर हात लावू नका. मामा, तुम्ही तर बघू पण नका."

आणि तेवढ्यात खुर्ची करकरली. इंदुबाईंनी स्टुलावरचा पाय खाली घेतला होता. "बस झालं आता. पोरं उपाशी, भाऊ उपाशी. कुकर काढ गो वैशाली. दोन शिट्ट्यांत करते."

सगळे थांबले. जनूभाऊंना दिसलं की ही बाई आत्ता उठली तर उद्या पहाटेही उठेल, परवाही उठेल, आणि पावसाळ्यापर्यंत तो गुडघा डॉक्टरांचा झालेला असेल. त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला, जो रोह्याच्या स्टँडवर त्यांनी कित्येक वर्षं माईकशिवाय काढला होता.

"इंदू, बस खाली! गाडी लेट हाय. रद्द नाय!"

मेव्हण्यादेखत नवऱ्यानं नुसतं नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. इंदुबाई इतक्या चमकल्या की बसल्या.

आरडाओरडा ऐकून फरझानाभाभी आल्या, त्या हातात रजई घेऊनच. "झाकण कुणी उघडलं नाय ना? मग घाबरायचं काय! जाड भांडं आहे, ऊब धरून ठेवतं. गुंडाळा, गुंडाळा. बाळंतिणीसारखं." त्यांनी भांडं रजईत गुंडाळलं, कान बांधल्यासारखी वरून ओढणी बांधली आणि इंदुबाईंच्या शेजारी स्वतःच बसून घेतलं. "मी पण इथंच जेवणार. मी गुंडाळलेलं बिघडत नाय, पण मी निघून गेले की बिघडतं, असा माझा अनुभव आहे."

मग जनूभाऊंनी ते गाठोडं टेबलावर मधोमध ठेवलं आणि पुढे बसले. थोड्या वेळानं यंत्र वाळलं, प्रविणनं दोनदा तपासलं, भांडं पुन्हा त्यात बसलं. तरी जनूभाऊ हलले नाहीत. विठूनं विनवलं, "भावजी, एकच वाल बघतो." किमयानं विनवलं. प्रविण नुसताच येऊन उभा राहायचा आणि सुस्कारे टाकायचा. जनूभाऊ सगळ्यांना एकच उत्तर देत होते, "वेळ झाल्याशिवाय सुटणार नाय." आयुष्यात या वाक्याबद्दल त्यांना फक्त शिव्या मिळाल्या होत्या.

आणि कुणाला कुठे जायचं नव्हतं, करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळे बसले. त्या रविवारी प्रविणची शिफ्ट नव्हती, वैशालीची ड्युटी नव्हती. वैशालीनं सासूचा पाय मांडीवर घेऊन तेल लावलं. फरझानाभाभींनी मस्कतच्या उन्हाळ्याचं वर्णन केलं. विठूनं लहानपणीच्या इंदूनं त्याला मिठागरात ढकललं होतं ती गोष्ट सांगितली, आणि इंदुबाई म्हणाल्या, "ढकललं नव्हतं, तू वाकून आपलं तोंड बघत होतास, मी फक्त मदत केली." किमया हसून हसून जमिनीवर लोळली. आजी इतकं बोलते हे तिला माहीतच नव्हतं; आजी नेहमी पाठमोरी असायची.

चहाच्या वेळेला जनूभाऊ उठले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि झाकण उघडलं.

भांबुर्ड्याचा वास घरभर पसरला. वाल मऊ झाले होते, तरी एकही फुटला नव्हता. सोलताना जसा होता तसा, नुसता लोण्यासारखा. खालून कान्हू ठाकूर पाहणीसाठी आले, ते ताट घेऊनच.

सगळ्यांना वाढून झाल्यावर जनूभाऊ उभे राहिले. दोन शब्द बोलायचा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी फरझानाभाभींचे आभार मानले, की दुसऱ्याचं बिरडं वाचवायला स्वतःची रजई द्यायला मोठं मन लागतं. विठूचे मानले, पाल्याबद्दल. पाण्याबद्दल माफ केलं. प्रविणचे मानले, कान्हूंचे मानले, कारण चावी त्यांच्याकडेच होती आणि त्यांनी ती शेवटी फिरवली. कासूच्या म्हातारीचेही मानले, ते कुणाला कळलं नाही. मग ते इंदुबाईंकडे वळले. इतकी वर्षं इतकी ताटं, इतक्या वेळांना, हे सगळं एका वाक्यात कसं मांडावं ते त्यांना सुचेना. "आणि तुझे..." एवढंच म्हणून ते बसले.

सगळ्यांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली.

"मऊ झालंय," प्रविण म्हणाला.

"वास काय लागलाय पाल्याचा," विठू म्हणाला.

"रंग छान आलाय, आबा," किमया म्हणाली.

"भांडं चांगलं आहे," कान्हू म्हणाले. फरझानाभाभी घास घोळवत राहिल्या.

इंदुबाईंनी पहिला घास घेतला. त्या थांबल्या. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला. लग्न झाल्यापासून ताटात काही कमी पडलं की ही बाई स्वतः उठत आली होती. दुसऱ्याला सांगितलं असं एकदाही घडलं नव्हतं.

इंदुबाईंनी दांड्यावरचा हात काढून घेतला, नीट मागे टेकून बसल्या, पाय स्टुलावर आणखी वर सरकवला आणि म्हणाल्या,

"अवो, जरा मीठ आणता का?"